हुकूम होता, म्हणून?

माजी सैनिकांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं. "वर्दीतल्या माणसानं हुकूम पाळायचा, बरोबर-चूक काय ते वरचे बघतील." बोलणारे बहुधा माझ्याहून ज्येष्ठ असतात, त्यांनी गोळ्या झेललेल्या असतात, म्हणून कुणी उलट बोलत नाही. आज मी बोलणार आहे. कारण हे वाक्य शेवटपर्यंत पाळलं की काय होतं, ते फ्रान्सच्या पोलिसांनी 1942 मध्ये दाखवून दिलंय.

जून 1940 मध्ये फ्रान्स हरला. उत्तरेत जर्मन फौज बसली आणि मार्शल पेतॅंचं सरकार विशी या गावातून कारभार करू लागलं. दोन वर्षांनी जर्मनांनी ज्यूंना पकडून पूर्वेकडच्या छळछावण्यांत पाठवायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्यापुढे अडचण होती ती माणसांची. अख्ख्या फ्रान्ससाठी त्यांचे स्वतःचे पोलीस होते जेमतेम काही हजार. भाषा येत नाही, गल्ल्या माहीत नाहीत. फ्रेंच पोलीस आणि जांदार्म मिळून मात्र लाखाच्या आसपास होते.

विशी सरकारचा पोलीसप्रमुख रने बुस्के. वय तेहतीस, हुशार, कार्यक्षम. त्यानं एसएसचा अधिकारी ओबर्ग याच्याशी सौदा केला. फ्रेंच पोलीस फ्रेंचांच्याच हुकमतीत राहतील, त्याबदल्यात परदेशी ज्यूंना पकडायचं काम ते करतील. याला म्हणे सार्वभौमत्व राखणं म्हणायचं! टोपी आपली, शिट्टी आपली, हजेरीपट आपला, आणि काम शत्रूचं.

16 आणि 17 जुलै 1942. पॅरिसमध्ये पहाटे चारपासून दारं ठोठावली गेली. हातात कार्डं होती, आणि ती पॅरिसच्या पोलीस मुख्यालयानंच 1940 च्या नोंदणीतून बनवलेली. दोन दिवसांत 13,152 माणसं पकडली, त्यांत 4,115 मुलं. जर्मनांची मूळ मागणी सोळा वर्षांवरच्यांची होती. लहान मुलांनाही न्या, हा प्रस्ताव फ्रेंच पंतप्रधान लावालचा. कुटुंबं वेल दिव्ह नावाच्या सायकल शर्यतीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये कोंडली, पुरेसं पाणी नाही, संडास नाहीत. तिथून छावण्यांत नेल्यावर आयांपासून मुलं ओढून वेगळी करणारे हातही फ्रेंच जांदार्मांचेच होते.

लोकांनी दारं का उघडली? कारण बाहेर ओळखीची वर्दी उभी होती. जर्मन शिपाई असता तर कित्येक जण छपरावरून पळाले असते. वर्दीवरचा विश्वास हेच इथे हत्यार झालं. मला याचा सर्वांत जास्त राग येतो.

आता नेहमीचा बचाव: "ते बिचारे काय करणार? नाही म्हटलं असतं तर गोळी घातली असती." तपासून बघू.

नॅन्सी शहर, 19 जुलै 1942. तिथेही धरपकडीचा हुकूम आला. परदेशी नागरिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या पोलीस शाखेचा प्रमुख एदुआर विन्यरों आणि त्याच्या माणसांनी आदल्या दिवशी यादीतल्या घरांत जाऊन सांगितलं, पळा. काहींना खोटी कागदपत्रंही दिली. यादीत 385 नावं होती, सापडले तीसएक. पॅरिसमध्येही काही शिपायांनी आधीच कुजबूज केली होती, म्हणूनच कार्डं सत्तावीस हजारांवर असून निम्मीच माणसं हाती लागली.

आपल्या पेशातला दाखला हवा? ऑगस्ट 1942, लियों. तिथे तेव्हा जर्मन फौज नव्हतीच, तरीही विशीचे पोलीस ज्यू गोळा करत होते. त्यांना रेल्वेत चढवताना बंदोबस्ताला माणसं द्या, असं लष्करी गव्हर्नर जनरल द सॅं-व्हॅंसां यांना सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला. काय झालं? नोकरी गेली, घरी बसवलं. गोळी नाही, फाशी नाही. म्हणजे बहुतेकांनी जीव वाचवण्यासाठी हुकूम पाळला नाही. त्यांनी बढती, पगार आणि पेन्शन वाचवलं.

युद्धानंतरचा हिशेब तर आणखी संतापजनक. मिलीस या निमलष्करी टोळीचा म्होरक्या दार्नां याला 1945 मध्ये गोळ्या घातल्या. योग्यच झालं, पण हा दार्नां पहिल्या महायुद्धातला पदकविजेता शूर सैनिक होता, हे आपण पदकवाल्यांनी विसरू नये. आणि बुस्के? 1949 मध्ये नाममात्र शिक्षा, तीही लगेच माफ. पुढे बँकेत मोठं पद. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा आरोप ठेवायला 1991 उजाडलं, आणि खटल्याआधीच 1993 मध्ये एकानं त्याला घरात गोळी घालून मारलं. फ्रेंच राज्याची जबाबदारी राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी कबूल केली ती 1995 मध्ये, त्रेपन्न वर्षांनी.

कुणी म्हणेल, याच पॅरिस पोलिसांनी ऑगस्ट 1944 मध्ये जर्मनांविरुद्ध उठाव केला, दीडशेहून अधिक शिपाई कामी आले. खरं आहे, त्यांना सलाम. पण त्या रक्तानं जुलै 1942 ची कार्डं पुसली जात नाहीत.

आपल्या 1950 च्या आर्मी ॲक्टमध्ये हुकूम मोडणं गुन्हा आहे, पण कलम 41 नीट वाचा: तिथे शब्द आहे 'कायदेशीर' हुकूम. तो एक शब्द शोभेसाठी घातलेला नाही. हुकूम कायदेशीर आहे की नाही, हे ठरवण्याचं ओझं त्यानं प्रत्येक जवानाच्या खांद्यावर ठेवलंय. ओझं जड आहे, मान्य. पाठीवर पिठ्ठू घेऊन आपण डोंगर चढलोय, हेही उचलता येईल.

तेव्हा ज्येष्ठहो, नव्या पोरांना "हुकूम पाळ" जरूर शिकवा. त्याच दमात नॅन्सीची गोष्टही सांगा. अर्धाच धडा शिकवाल, तर बुस्केला हवे असतात तसलेच शिपाई तयार होतील.