सतरा सप्टेंबरचे न वाचलेले पान

फराळाच्या ताटाशी हा विषय कशाला, असे म्हणाल. म्हणा! दर १७ सप्टेंबरला आमच्या नायगावात झेंडा चढतो, रझाकारांनी बायाबापड्यांवर केलेले जुलूम सांगितले जातात. सांगावेतच, ते खरे आहेत. पण १९४८ च्या फौजी कारवाईनंतरचे काय? नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वांत होरपळलेले जिल्हे नांदेड, बीदर, गुलबर्गा आणि उस्मानाबाद. लातूर तेव्हा त्यातच. मुसलमान बायांची अब्रू लुटली, कित्येकींना पळविले, कित्येकींनी विहिरी जवळ केल्या. उरलेल्या विधवांनी लेकरे वाढविली, तीही त्याच मुलखात. हा अहवाल सर्वांना वाचायला मिळण्यास २०१३ उजाडले. अब्रू काय धर्म विचारून मोजायची? येत्या १७ सप्टेंबरला ते पान माईकवर कोण वाचतो, पाहू.