विमानाने पिल्लू मागवताय? आधी त्याचं वय विचारा

मोबाईलवर फोटो पाहायचा, पैसे पाठवायचे आणि चार दिवसांनी विमानतळावरून पेटीतलं पिल्लू घरी आणायचं. दूरच्या शहरातून कुत्र्याचं पिल्लू असं मागवण्याची चौकशी आता आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातली कुटुंबंही करतात. मी पशुवैद्य नाही, माणसांचा डॉक्टर आहे. पण घरात आलेलं पिल्लू मुलांच्या अंथरुणात आणि आजीच्या मांडीवर असतं, म्हणून हा विषय माझ्याही दवाखान्याचा आहे.

माझं मत सरळ सांगतो. रेबीजची लस टोचून तीन-चार आठवडे झालेले नसतील, तर ते पिल्लू विमानाने मागवू नका. म्हणजे साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत थांबा.

"सगळ्या लशी झाल्यात" म्हणजे काय?

विकणारे बहुधा ४०-४५ दिवसांचं पिल्लू दाखवतात आणि सोबत लशींचं कार्डही देतात. पण पार्वो आणि डिस्टेंपरची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास देतात. तिचे पुढचे डोस साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. रेबीजची लस तर तीन महिन्यांच्या सुमारास टोचतात. तेव्हा दीड महिन्याच्या पिल्लाच्या "सगळ्या लशी झाल्या" हे खरं असू शकत नाही. शिवाय केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकताच येत नाही.

घरातल्या माणसांना धोका कोणता?

सर्वांत मोठा धोका रेबीजचा. पिल्लाला रेबीज होत नाही, हा गैरसमज आहे. बाधित कुत्रा चावल्यावर लक्षणं दिसायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. तोवर पिल्लू अगदी खेळकर दिसतं. दूरवरून आलेल्या पिल्लाच्या आईला लस दिली होती का, त्याला कुणी चावलं होतं का, हे तुम्हाला कसं कळणार? आणि दात येणारं पिल्लू चावतंच, ओरखडतंच. "दुधाचे दात आहेत, काय होतंय?" म्हणून सोडून देऊ नका.

रक्त आलं किंवा नुसता ओरखडा उठला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. रक्त आलेल्या जखमेत लशीसोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही द्यावं लागतं. ठरलेले सगळे डोस पूर्ण करा. रेबीजची लक्षणं सुरू झाली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून इथे "बघू उद्या" चालत नाही.

दुसरा धोका जंतांचा. पिल्लांना ते बऱ्याचदा आईकडूनच येतात आणि विष्ठेतून अंगणात, तिथून मुलांच्या हातांवर पोहोचतात. नायटा आणि खरूजही पिल्लाकडून माणसाला होऊ शकते. पार्वो माणसाला होत नाही, पण लागण झाल्यावर काही दिवस पिल्लू ठणठणीत दिसतं. विमानात चढताना बरं असलेलं पिल्लू तुमच्या घरी येऊन रक्ताचे जुलाब करू लागतं, आणि मुलांना पहिल्याच आठवड्यात त्याचा मृत्यू पाहावा लागतो.

प्रवासाचं काय?

विमान हवेत असताना धोका तुलनेने कमी असतो. जास्त त्रास जमिनीवर होतो: धावपट्टीजवळ उन्हात थांबलेली पेटी आणि पुढचा रस्ता. पुण्याला उतरलं तरी अहिल्यानगर सुमारे १२० किलोमीटर. शेवगाव, जामखेड आणखी पुढे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. पग, शित्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना ते नीट जमत नाही, म्हणून अनेक विमान कंपन्या त्यांना घेतच नाहीत. अगदी लहान पिल्लू बराच वेळ उपाशी राहिलं, तर त्याची साखर उतरते. प्रवासात शांत राहावं म्हणून झोपेचं औषध तर मुळीच देऊ नका. त्याने श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो.

"लहानपणीच आणलं तर लळा लागतो," असं तुम्ही म्हणाल. लळा चार महिन्यांच्या पिल्लालाही लागतो. आणि लहानच हवं असेल, तर आठ आठवडे झालेलं जवळपासचं पिल्लू घ्या. स्वतः जाऊन त्याची आई पाहा, तिच्या लशींची नोंद पाहा. रस्त्यावरचं गावठी पिल्लू पशुवैद्यांना दाखवून घेतलंत, तर आपल्या उन्हाला ते हस्कीपेक्षा केव्हाही जास्त टिकेल.

तरीही विमानानेच आणायचं असेल तर:

• जन्मतारीख आणि रेबीज लशीची तारीख लेखी मागा.
• पशुवैद्यांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र घ्या आणि कंपनीचे नियम आधी विचारा.
• शक्यतो हिवाळ्यात, थेट विमानाने आणा. घरातलं कुणीतरी सोबत असावं.
• आल्याबरोबर, मुलांच्या हाती देण्याआधी, पशुवैद्यांकडे न्या.
• "पेटीचे", "विम्याचे" म्हणून पुन्हा पुन्हा पैसे मागितले, तर व्यवहार तिथेच थांबवा. अशी फसवणूक सर्रास होते.

पिल्लू घरात बारा-पंधरा वर्षं राहणार आहे. त्यासाठी दोन-अडीच महिने जास्त थांबायला काय हरकत आहे?