सात किलोंचा संन्यास

ताडोब्याच्या गेटाबाहेरच्या एखाद्या रिसॉर्टात गेलात तर पडवीत जुनं जातं मांडलेलं दिसेल. शेजारी पितळी गंगाळ, त्यात पाणी, पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या. भिंतीला सूप, वर बैलगाडीच्या चाकाचं झुंबर. एका रात्रीचं भाडं विचारू नये. इथे उतरणारा पाहुणा मात्र विमानात हाती नेऊ देतात तेवढी, सात किलोंची सॅक घेऊन येतो आणि 'कमीत कमी सामानात जगायचं' या नव्या पंथाची दीक्षा त्याने घेतलेली असते. वर्षभर हात लागला नाही ती वस्तू घराबाहेर, एक आणली की एक टाकायची, असे या पंथाचे नेमधर्म. आपल्या आजीचं जातं त्याने याच नेमाने कधीच भंगारात घातलेलं असतं; दुसऱ्याच्या आजीच्या जात्याशेजारी उभं राहून तो फोटो काढतो.

अनावश्यक खरेदीला आळा बसला तर कोणाला नको आहे? मुंबई-पुण्याच्या कपाटांकडे पाहिलं तर थोडी दीक्षा सक्तीचीच करावी. पण टाकलेली वस्तू उद्या लागली तर मोबाइलवर मागवून परवा दारात येते, त्याच्यासाठीच हा संन्यास सोपा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातल्या माणसाला असा परतीचा रस्ता नसतो.

भाताचा हंगाम आटोपला की मूल, सिंदेवाहीकडची माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात. गाडीची वाट पाहत बसलेल्या बायांची गाठोडी एकदा नीट पाहावीत. जुन्या लुगड्यात बांधलेला तांदूळ, लाखोरीची डाळ, जर्मनचं गंज, चटई, मोबाइलचा चार्जर, पोराचं स्वेटर. राहायचं शेताच्या कडेला, ताडपत्रीखाली, त्यामुळे संसाराचा प्रत्येक जिन्नस इथूनच न्यावा लागतो आणि वजन डोक्यावर घ्यावं लागतं. वजनाचा हिशेब यांना कोणी शिकवायला नको. तरी एखाद्या गाठोड्यातून पितळेचा गडवा डोकावतो. काठाला चेपलेला, तळाला झाळलेला, गळ्याशी बारीक अक्षरांत कोणाचं तरी नाव कोरलेलं. लग्नात आलेला असेल, कदाचित आईच्याही लग्नातला. प्लास्टिकचा मग पंधरा-वीस रुपयांत येतो, हलका असतो, हरवला तर जीव हळहळत नाही. हरवला तरी चालेल अशाच वस्तू बरोबर घ्याव्यात हा सल्ला पर्यटकाला ठीक. दोन महिने परमुलखात, परभाषेत काढायचे असतील तर पाणी आपल्याच गडव्याने प्यावंसं वाटतं. त्या बाईला उधळी म्हणायची आमची तरी छाती नाही.

कमीत कमी सामानाचे खरे दाखले याच मुलखात हवे तितके मिळतील. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामच्या बापूकुटीत गांधीजींच्या वापरातल्या मोजक्या वस्तू अजून ठेवलेल्या आहेत, आणि त्यांत तीन माकडांची छोटी मूर्तीही आहे. पेन्सिलीचं थोटूकही वाया जाऊ न देणाऱ्या माणसाने भेट म्हणून आलेलं ते खेळणं का जपलं असेल? तुकडोजी महाराज तरुणपणी चिमूरकडच्या रानात हिंडले ते अंगावरच्या वस्त्रानिशी, पण खंजिरी सुटली नाही. १९५५ साली विश्वधर्म परिषदेसाठी ते जपानला गेले, तेव्हाही खंजिरी बरोबर होती. त्याच जपानातल्या मारी कोंडो यांनी पुढे साऱ्या जगाला घर रिकामं करायला शिकवलं, आणि तिसऱ्या मुलानंतर आपण आवराआवरीचा नाद जवळपास सोडला, असं २०२३ साली स्वतःच सांगून टाकलं. बाई प्रामाणिक आहेत. शिष्य अजून कपाटं उपसताहेत.

आणि वरोऱ्याचं आनंदवन. बाबा आमटे यांनी ते उभं करायला घेतलं तेव्हाची शिदोरी सगळ्यांना पाठ आहे: सहा कुष्ठरोगी, चौदा रुपये, एक कुत्रा आणि एक लंगडी गाय. वजनकाटा घेऊन बसलेल्या कोणीही त्या यादीतून सर्वांत आधी गाय खोडली असती.

हे सगळं आठवायचं कारण, सामान किती न्यायचं हा प्रश्न या जिल्ह्यात छंदापुरता राहत नाही. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातली गावं एकेक करून बाहेर आली. बोटेझरी २००७ साली मूल तालुक्यात भगवानपूरला वसलं. नंतर नवेगाव, जामणी. वाघाला जागा हवी हे खरं, आणि दवाखाना, शाळा, रस्ता जवळ आला म्हणून समाधानी असलेलीही घरं आहेत. केंद्राच्या २००८ च्या योजनेत कुटुंबामागे १० लाख रुपये धरले होते, २०२१ साली ते १५ लाख झाले. रोख नको असेल तर सरकार जमीन-घर देतं, आणि त्या पर्यायात रकमेची वाटणीही ठरलेली आहे: शेतजमिनीला ३५ टक्के, हक्कांच्या निवाड्याला ३०, घराला २०, प्रोत्साहन म्हणून ५. उरलेल्या १० टक्क्यांत रस्ता, पाणी, वीज, दूरध्वनी, समाजमंदिर, देवस्थान आणि स्मशान. म्हणजे देव आणि पूर्वज नळाच्या तोटीबरोबर एकाच डब्यात.

जातं ट्रकमध्ये चढतं, चार माणसं लागतात एवढंच. सागाची दारं, मयाली चढतात. धान्याची ढोली चढवताना कुडाला तडा जातो, पण शेणामातीने लिंपता येतो. नव्या घराला स्लॅब आहे, गिरणी कोपऱ्यावर आहे, ढोलीला जागा नाही. 'हे कशाला आणलं?' असं घरातलं पोरगंच विचारतं. न चढणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात. मोहाचं झाड. गावाबाहेरचं पेनठाणं, म्हणजे गोंडांच्या देवाची जागा. मेलेल्या माणसाच्या नावाने उभा केलेला दगड. खुद्द ताडोबाचं नाव ज्या तारूवरून पडलं, वाघाशी झुंजताना पडला म्हणून सांगतात त्या गावप्रमुखाचं देवस्थान तळ्याच्या काठी गाभ्यातच आहे, आणि पौषात आदिवासी तिथेच जत्रेला येत आले आहेत.

म्हणून एक साधी सूचना. पुढच्या गावाचा पंचनामा करायला वनखात्याची आणि महसुलाची माणसं जातील तेव्हा घर, विहीर, झाडं यांच्या रकान्यांपुढे आणखी दोन रकाने आखावेत: 'बरोबर काय न्यायचं आहे' आणि 'मागे काय राहणार आहे'. पहिला रकाना घरच्या बाईने सांगितला तसा भरावा आणि ट्रकच्या फेऱ्या त्यावरून ठरवाव्यात. दुसऱ्या रकान्यात जे येईल, त्याच्या दर्शनाला वर्षातून कोणत्या दिवशी, कोणत्या गेटाने, तिकिटावाचून जाता येईल, हे गाव उठण्याआधी लेखी द्यावं.