उन्हाळी शिबिरांचा न दिसणारा खर्च

वार्षिक परीक्षा आटोपल्या की मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावांपर्यंत जिमखान्यांच्या फाटकांवर उन्हाळी क्रीडाशिबिरांचे फलक झळकू लागतात. क्रिकेट, कबड्डी, पोहणे. गणवेश व अल्पोपाहार शुल्कात समाविष्ट. मात्र किती मुलांमागे एक प्रशिक्षक राहील, तलावाच्या काठावर जीवरक्षक किती, घेरी येऊन पडलेल्या मुलाला कोणत्या वाहनातून कोठे नेणार, याविषयी त्यावर बहुधा अवाक्षर नसते.

हा केवळ विसराळूपणा नव्हे; त्यामागे अर्थकारण आहे. समजा, शेजारच्या दोन क्लबांपैकी एकाने दहा मुलांमागे एक प्रशिक्षक नेमला, दुसऱ्याने तीस मुलांमागे. पहिल्याचे शुल्क साहजिकच अधिक. पालकांना शुल्क तेवढे दिसते, प्रशिक्षकांची संख्या दिसत नाही. तेव्हा ते स्वस्त शिबिर निवडतात आणि काळजी घेणाराच तोट्यात जातो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी लिहिलेल्या निबंधात हेच दाखविले होते: ग्राहकाला मालाची पारख करता येत नसेल, तर वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावून लावतो. मोटारीच्या व्यवहारात पैसे बुडतात. येथे मूल बुडू शकते.

बुडणारे मूल ओरडते, हात हलविते, ही समजूत चित्रपटांनी रुजविली आहे. वस्तुतः ते बहुधा आवाज न करता पाण्याखाली जाते, आणि प्राणवायूअभावी मेंदूला काही मिनिटांतच भरून न येणारी इजा होते. ज्या प्रशिक्षकाला एकाच वेळी तीस डोकी मोजावयाची आहेत, आणि मधूनच एखाद्या पालकाच्या फोनलाही उत्तर द्यावयाचे आहे, त्याच्या दक्षतेवर किती विसंबावे? उन्हाचेही तेच. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या खुल्या मैदानावरील समारंभानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. ते तर श्रोते म्हणून बसलेले होते. तरीही एप्रिल-मे महिन्यांत अकरा-बारा वाजेपर्यंत मुलांना मैदानाच्या फेऱ्या मारावयास लावणे हे काही ठिकाणी अद्याप शिस्तीचे लक्षण मानले जाते!

आणखी एका धोक्याविषयी बोलण्यास संकोच वाटतो, म्हणूनच तो फोफावतो. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यान्वये बालकावरील लैंगिक अपराधाची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. हाताखालच्या व्यक्तीचा अपराध न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. तथापि क्लबच्या अब्रूची सबब पुढे करून प्रकरण ‘आपसात’ मिटविण्याचा मोह कार्यकारिणीला पडतो. कपडे बदलण्याच्या खोलीत कोणताही प्रशिक्षक मुलासोबत एकटा असणार नाही, एवढा साधा नियम पाळावयास पैसाही लागत नाही.

खर्च वाढला तर शुल्क वाढेल आणि गरीब मुले बाहेर राहतील, हा आक्षेप मात्र विचारार्ह आहे. त्याचे उत्तर शिबिरात मुले कोंबणे हे नव्हे. अनेक जिमखान्यांची मैदाने सरकारी जमिनीवर नाममात्र भाड्याने उभी आहेत, आणि त्याच मैदानांवर लग्नसमारंभांचे उत्पन्नही मिळते. त्यातील काही वाटा जीवरक्षकाच्या वेतनाकडे वळविणे ही मेहरबानी ठरणार नाही. फाटकावरील फलकातही प्रशिक्षकांची संख्या, मुलांची कमाल मर्यादा व प्रथमोपचाराची सोय या तीन ओळी सक्तीच्या कराव्यात. म्हणजे पालकांना शुल्काखेरीज आणखी काही तोलता येईल.

वार्षिक सर्वसाधारण सभेत शिबिराच्या उत्पन्नाचा आकडा टाळ्यांच्या गजरात वाचला जातो. जीवरक्षकांवर त्यातील किती खर्च झाले, असे एखाद्या सभासदाने उठून विचारावयास हरकत नाही.