बर्बरे म्हणजे ‘त्यांचा गरम मसाला’ नव्हे!

लाल तिखटात गरम मसाला ढवळला की झालं ‘इथिओपियन बर्बरे’ तयार! रीलवर हे पाच मिनिटांत उरकतं. मला मात्र ते पटत नाही.

इथिओपियात बर्बरेला काही दिवस लागतात. उन्हात वाळवलेल्या लाल मिरच्या आलं-लसणाबरोबर कुटायच्या, पुन्हा वाळवायच्या, मग मेथी, धणे, ओवा, कलौंजी वगैरे भाजून घालायचं आणि सगळं बारीक दळायचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या मसाल्यासारखाच हा घाट. कोंबडीचं ‘दोरो वोत’ याच मसाल्यावर शिजतं आणि उपवासाच्या दिवशी मसुराचं ‘मिसिर वोत’ही.

म्हणूनच घरी जरूर करून बघा. बहुतेक जिन्नस आपल्या डब्यात आहेतच. नसते ती ‘कोरेरिमा’, म्हणजे तिकडची वेलची. आपल्या हिरव्या वेलचीला तिची चव नाही. मसाला वेलची त्यातल्या त्यात जवळची. तीच घाला, पण खायला देताना तसं सांगा.

गोड्या मसाल्याला कुणी ‘करी पावडर’ म्हटलं की आपलं डोकं फिरतं ना? मग दुसऱ्याच्या मसाल्याचं नावही जरा जपूनच वापरू या.