जिन्यातील हरवलेली पायरी

मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेले बाळापूर हे वऱ्हाडातील ऐतिहासिक गाव. बाळादेवीचे देऊळ, १७५७ साली पूर्ण झालेला किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री ही त्याची भूषणे. मात्र या गावात वा परिसरातील खेड्यांत दुखणे बळावले की घराघरांत एकच वाक्य ऐकू येते, ‘अकोल्याले न्या!’ सर्पदंश असो, अडलेली बाळंतीण असो वा महामार्गावरील अपघात, सुमारे पंचवीस किलोमीटरचे अंतर तोडून रुग्ण अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाच्या दारी पोहोचतो. त्या दारामागे त्याच्यासाठी नेमकी कोणती व्यवस्था उभी आहे, याचा विचार शांतपणे व्हायला हवा.

अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते २००२ साली. यवतमाळला ते १९८९ मध्येच आले होते. त्यामुळे पश्चिम वऱ्हाडाची ती जुनी उणीव होती. आज तेथे एम.बी.बी.एस.च्या प्रथम वर्षाला २०० जागा आहेत. शेतकऱ्याचा, शिक्षकाचा, हातमजुराचा मुलगा शासकीय शुल्कात डॉक्टर होतो, ही या महाविद्यालयाची मोठी देणगी आहे. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु महाविद्यालय उभे राहिले ते जिल्हा रुग्णालयाच्या जागी. जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे. महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे. हस्तांतरण झाले आणि त्यानंतरची दोन दशके जिल्ह्याने स्वतंत्र सामान्य रुग्णालयाविना काढली. ग्रामीण रुग्णालय, त्यावर जिल्हा रुग्णालय आणि त्यावर अध्यापन रुग्णालय अशा तीन पायऱ्यांचा हा जिना आहे. अकोल्यात त्याची मधली पायरीच निखळली. ग्रामीण रुग्णालय हे साधारणतः तीस खाटांचे. तेथे भागले नाही, की थेट महाविद्यालय!

दोन विभाग, एक रुग्ण

यावर असे म्हणता येईल, की महाविद्यालयाचे रुग्णालय जिल्हा रुग्णालयापेक्षा मोठे आणि अधिक तज्ज्ञांचे. मग लहान रुग्णालय गेले म्हणून बिघडले कोठे? युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. पण अध्यापन रुग्णालयाचे कार्य दुहेरी आहे. गुंतागुंतीच्या आजारावर उपचार करणे आणि ते करता करता पुढची पिढी घडविणे. साध्या तापाचे, साध्या बाळंतपणाचे, साध्या अस्थिभंगाचे रुग्णही एकाच दारी लोटले, तर प्राध्यापकाला रुग्णशय्येजवळ थांबून शिकवायला उसंत उरत नाही आणि गंभीर रुग्णाची रांग लांबते. तोटा दोघांचाही होतो.

दोन विभागांच्या विभागणीचा दुसरा फटका २०२३ मध्ये स्पष्ट दिसला. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टपासून महाराष्ट्र शासनाने रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले. निर्णय स्वागतार्ह होता. पण तो सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांपुरता होता. ज्या जिल्ह्याचे सामान्य रुग्णालयच दुसऱ्या विभागाकडे गेलेले, तेथील गरिबाने काय समजावे? रुग्ण विभाग ओळखत नाही, तो सरकार ओळखतो.

हा प्रश्न आता अकोल्यापुरता राहिलेला नाही. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते महाराष्ट्रातील दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत अमरावती, बुलढाणा आणि वाशीम ही तिन्ही आहेत. वऱ्हाडातील प्रत्येक जिल्ह्याला महाविद्यालय लाभले, ही आनंदाची घटना. मात्र नवी महाविद्यालयेही जिल्ह्याच्या विद्यमान रुग्णालयांच्याच आधारे सुरू होत आहेत. अकोल्याचा अनुभव गाठीशी असताना तीच चूक आणखी तीन ठिकाणी व्हावी काय?

इमारत हा पाद नव्हे

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. या चौघांत इमारतीला स्थान नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आपल्याकडे मात्र आरंभ इमारतीपासून होतो आणि अनेकदा शेवटही तेथेच. २००३ साली अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने घोषित केलेल्या प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात अकोला आणि यवतमाळ या दोन्ही महाविद्यालयांना अतिविशेषोपचार रुग्णालये मंजूर झाली. प्रत्येकी १५० कोटींची ही योजना. त्यांतील १२० कोटी केंद्राचे आणि ३० कोटी राज्याचे. अकोल्यात इमारत उभी राहिली, पण पदांच्या मंजुरीसाठी तिला ताटकळावे लागले. हृदयाचा वा मेंदूचा रुग्ण तोवर अडीचशे किलोमीटरवरील नागपूरची वाट धरत राहिला.

नवे महाविद्यालय उघडायचे आणि तेथे जुन्याच महाविद्यालयातील अध्यापक प्रतिनियुक्तीवर धाडायचे, ही प्रथाही याच वृत्तीची. एका ताटातील पोळी दुसऱ्या ताटात वाढल्याने पंगत मोठी होत नाही. पदे मंजूर करणे, ती वेळेत भरणे आणि परिचारिका व तंत्रज्ञ यांची संख्या खाटांच्या प्रमाणात राखणे, ही कामे उद्घाटनाच्या फितीपूर्वीची आहेत.

वऱ्हाडची दुखणी

महाविद्यालय ज्या मातीत उभे असते, त्या मातीची दुखणी त्याने अभ्यासली पाहिजेत. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या क्षारयुक्त पाणी प्याले जाते आणि तेथील गावे मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार करतात. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. या प्रश्नांची उत्तरे मुंबईहून येणार नाहीत. ती येथील रुग्णनोंदींतूनच निघतील.

त्यासाठी साधन हाताशी आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने खेड्यातील कुटुंबे दत्तक घेणे आता अपेक्षित आहे. एका विद्यार्थ्यामागे तीन कुटुंबे धरली, तरी २०० विद्यार्थ्यांमागे दर वर्षी ६०० घरे होतात. खारपाणपट्ट्यातील घरे निवडून त्यांचे पाणी, रक्तदाब आणि मूत्रपिंडाची तपासणी सातत्याने नोंदवली, तर दहा वर्षांत केवढा ज्ञानसंचय होईल! वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेत विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. म्हणजे ही कल्पना विदर्भाला परकी नाही.

उपाय अवघड नाहीत. बाळापूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणचे रुग्णालय शंभर खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या तोडीचे करावे. पदवीनंतर एक वर्ष शासकीय सेवेचे बंधन असलेले तरुण डॉक्टर तेथे नेमावेत आणि महाविद्यालयातील स्त्रीरोग, बालरोग व अस्थिरोग विभागांनी आठवड्यातून ठरावीक दिवशी तेथे जावे. महाविद्यालय जिथे जिथे जिल्हा रुग्णालय घेईल, तिथे तिथे पर्यायी सामान्य रुग्णालयाची तरतूद त्याच शासननिर्णयात असावी.

समाजाचाही यात वाटा आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या बैठका होतात काय, निधी कोठे खर्च होतो, रिक्त पदांचा पाठपुरावा कोण करतो, हे विचारणारे जागरूक नागरिक प्रत्येक तालुक्यात उभे राहिले पाहिजेत. केवळ रुग्णवाहिकेला हात दाखवून नागरिकाचे कर्तव्य संपत नाही. बाळापूरच्या बाळंतिणीला बाळापुरातच सुखरूप मोकळे होता येईल, तेव्हाच अकोल्याचे महाविद्यालय खऱ्या अर्थाने महाविद्यालय ठरेल.