ब्रुकलिनचे अजिंक्यपद
१९४१ पासून अंतिम मालिकेत पाच वेळा न्यूयॉर्कच्या यँकीज संघापुढे हार पत्करलेल्या ब्रुकलिन डॉजर्सने, हंगामाचे पहिले दहाही सामने जिंकून जी हुकमत आरंभीच प्रस्थापित केली, तिची परिणती ४ ऑक्टोबर १९५५ रोजी त्यांच्या पहिल्यावहिल्या जागतिक अजिंक्यपदात झाली, ही गोष्ट बेसबॉलच्या दप्तरी कायमची नमूद राहील. मालिकेतील पहिले दोन सामने गमावूनही संघ डगमगला नाही. निर्णायक सामन्याच्या सहाव्या डावात यँकीजच्या योगी बेराने डाव्या सीमेकडे टोलविलेला चेंडू डॉजर्सच्या सँडी अमोरोसने बेभान धावत जाऊन उजव्या हातातील मोज्यात झेलला. तो डावखुरा नसता तर हा झेल दुरापास्तच होता. डॉजर्सचा चेंडूफेक्या पॉड्रेस याने प्रतिपक्षास एकही धाव दिली नाही हे खरे. तथापि २-० अशा या विजयाचे निम्मे श्रेय, आमच्या मते, अमोरोसचेच आहे.